गॅरंडसाठी काडतुसं भरताना बोल्ट-ॲक्शनचा हिशेब का चालत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात .३०-०६ ची बोल्ट-ॲक्शन (दर बारानंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायची) शिकारी रायफल आहे. तिच्यासाठी तुम्ही काही वर्षं स्वतःच काडतुसं भरता आहात. १८० ग्रेनची गोळी (ग्रेन म्हणजे गोळी आणि पावडर तोलायचं छोटं वजन) आणि आयएमआर ४३५० पावडर हे गणित छान बसलंय. आता एम१ गॅरंड ही पुढचं काडतूस स्वतःच भरणारी जुनी अमेरिकी लष्करी रायफल हाती आली. कॅलिबर तेच, डाय (उडालेली पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) तेच, पावडरचा डबा अर्धा शिल्लक. मग तीच काडतुसं आठ-आठच्या क्लिपमध्ये घालून का उडवू नयेत? शिवाय तीन उपप्रश्न आहेत: पुंगळीची फक्त मान साइझ केली (डायने दाबून मापात आणली) तर चालेल का, उरलेले फेडरल २१० प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) वापरू का, आणि ॲडजस्टेबल गॅस प्लग (रायफल चालवणाऱ्या गॅसचा जोर कमी करणारा) बसवला की सगळ्या चिंता मिटतात का.

निकाल आधी सांगून टाकतो. ती काडतुसं गॅरंडमध्ये घालू नका. नुसती मान साइझ करून भागणार नाही. फेडरल २१० सारखे मऊ, म्हणजे हलक्या टोल्याने पेटणारे प्रायमर बोल्ट-ॲक्शनसाठीच ठेवा. आणि गॅस प्लगने यातली एकच चिंता मिटते, तीही अर्धीमुर्धी. कारणं मात्र सविस्तर सांगतो, कारण उद्या दुकानात तुमची नेहमीची पावडर मिळाली नाही तर फळीवरच्या बाकीच्या डब्यांतून निवड तुम्हालाच करायची आहे. तेव्हा "अमक्याने सांगितलं होतं" एवढ्यावर निभाव लागत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्याही आधीच मांडतो. तुमच्या रायफलचं बॅरल किती झिजलंय, बोल्ट आणि रिसीव्हर कोणत्या कारखान्यातून एकत्र आले, पुंगळ्या लष्करी आहेत की व्यापारी, आणि तुम्हाला नेमकं साधायचंय काय, यावर तपशील बदलतो. मी गॅरंडसाठी भरतो ते २०० यार्डांवरच्या स्पर्धांसाठी. तुम्हाला ६०० यार्डांवर कागद फाडायचा असेल तर गोळी वेगळी निवडाल. पण खाली जे दोन मुख्य मुद्दे सांगणार आहे ते कुठल्याही गॅरंडला लागू आहेत.

पहिला मुद्दा गॅसचा. ही रायफल जॉन गॅरंड यांनी स्प्रिंगफील्ड आर्मरीत घडवली आणि अमेरिकी सैन्याने ती १९३६ मध्ये स्वीकारली. ५० लाखांहून अधिक बनल्या. लॉकिंगची जागा दणकट आहे, रिसीव्हर दणकट आहे. त्यामुळे "ही तर लष्करी रायफल, काहीही पचवेल" असा समज होतो. पचवते ती चेंबरकडची बाजू. बॅरलच्या दुसऱ्या टोकाला जे यंत्र बसवलंय ते एका ठरावीक खुराकावर वाढलेलं आहे. तो खुराक म्हणजे एम२ बॉल हे लष्करी काडतूस: साधारण १५० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला २,७४० फुटांच्या आसपास, आणि चेंबरमधला दाब ५०,००० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) घरात. आजच्या व्यापारी .३०-०६ ला ६०,००० पीएसआयपर्यंतची मुभा आहे. म्हणजे खोक्यावर ".३०-०६ स्प्रिंगफील्ड" छापलंय म्हणून दुकानातलं प्रत्येक काडतूस गॅरंडचं होत नाही, मग तुमचं हाताने भरलेलं तर राहोच.

पण दाबाचा हा आकडा खरी गोष्ट सांगत नाही. नवखे रीलोडर इथेच चकतात, आणि मॅन्युअलमधला कमाल दाबाचा रकाना बघून निर्धास्त होतात. गॅरंडमध्ये दोन वेगवेगळे दाब लक्षात ठेवायचे. एक, पुंगळीजवळचा शिखरदाब, जो गोळी जेमतेम काही इंच सरकली तोवर येऊन जातो. दुसरा, गॅस पोर्टपाशी उरलेला दाब. हे पोर्ट २४ इंची बॅरलच्या अगदी शेवटी आहे, तोंडापासून दीड इंचभर आत. गोळी ते छिद्र ओलांडते, मागचा गॅस छिद्रातून सिलिंडरमध्ये शिरतो, ऑपरेटिंग रॉडच्या पिस्टनवर आदळतो आणि रॉड मागे फेकला जातो. रॉडमुळे बोल्ट फिरतो, उघडतो, पुंगळी बाहेर पडते. सगळा कारभार त्या दुसऱ्या दाबावर चालतो.

आता ४३५० सारखी सावकाश जळणारी पावडर घ्या. तिचा गुण हाच की ती जड गोळीला लांबवर ढकलत राहते. शिखरदाब आटोक्यात, वेग भरपूर. बोल्ट-ॲक्शनवाल्याला आणखी काय हवं? पण ढकलत राहते म्हणजेच गोळी पोर्टपाशी पोचते तेव्हाही मागे पुष्कळ दाब शिल्लक असतो. तुमच्या शिकारी रायफलमध्ये तो तोंडातून हवेत जातो. गॅरंडमध्ये तो रॉडवर जातो. दार हाताने ढकलून उघडणं आणि त्याच दारावर लाथ घालणं यात जेवढा फरक, तेवढा इथे पडतो. चेंबरच्या दाबाच्या दृष्टीने पूर्ण सुरक्षित असलेलं काडतूस गॅस यंत्रणेच्या दृष्टीने बेताल असू शकतं, आणि पुंगळीकडे बघून ते कळत नाही. प्रायमर चपटा होत नाही, बोल्ट अडकत नाही, नेहमीची धोक्याची एकही खूण दिसत नाही.

हा रॉड एकदा हातात घेऊन बघा. तो सरळ नाही. बॅरलखालून येताना त्याला वाक दिलेला आहे, आणि पुढे तो पातळ नळी होऊन सिलिंडरमध्ये जातो. मागून जोराचा हिसका बसला की अशी वाकडी, लांब वस्तू लवते. वारंवार लवली की तशीच राहते. मग ती बॅरलला किंवा लाकडाला घासते, नेम बिघडतो, कधी बोल्टच्या खोबणीतून सटकते. जुन्या रॉडमध्ये तर हँडलजवळच्या काटकोनी कोपऱ्यात तडे जात. पुढे त्याच जागी अर्धगोल खाच घेऊन तो ताण मोकळा करण्यात आला. तुमच्या रॉडवर ती खाच आहे का ते बघून ठेवा. स्पर्धेच्या मैदानावर जुन्या माणसांना रॉड दाखवलात तर ते पहिलं बोट तिथेच ठेवतील. वेगाने मागे येणारा बोल्ट रिसीव्हरच्या मागच्या भिंतीवर आदळतो, ते नुकसान आणखी वेगळं.

रॉड वाकण्याचा हा सगळा बागुलबुवा आहे, असं म्हणणारेही जाणकार आहेत. स्प्रिंग जुनी, वंगण सुकलेलं, रॉड आधीच तिरपा, आणि दोष मात्र पावडरचा, असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य आहे. निरोगी रायफल एखाद्या आगाऊ काडतुसाने लगेच मोडत नाही. पण लष्करी बनावटीचे मूळ रॉड आता कोणी बनवत नाही, आणि वाद जिंकण्यासाठी मी माझा रॉड पणाला लावणार नाही. योग्य पावडर सहज मिळत असताना चुकीची वापरून बघण्यात फायदा तो काय?

योग्य पावडर कोणती, तर ४८९५. युद्धकाळात एम२ बॉलमध्ये हीच पावडर भरली जात होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारकडे तिचा एवढा साठा उरला की तो विकत घेऊन ब्रूस हॉजडन यांनी धंदा उभा केला. आज आयएमआर ४८९५ आणि एच४८९५ अशा दोन पावडरी त्या क्रमांकाने मिळतात. क्रमांक तोच असला तरी पावडर तीच नाही, त्यामुळे एकीचं वजन दुसरीला लावू नका. आयएमआर ४०६४ सुद्धा गॅरंडमध्ये उत्तम चालते. जुना ढोबळ नियम असा की आयएमआर ३०३१ पेक्षा जलद नको आणि आयएमआर ४३२० पेक्षा सावकाश नको. या पट्ट्यातली पावडर घ्या. ४३५०, ४८३१ वगैरे मंडळी या पट्ट्याच्या बाहेरची आहेत, ती शिकारी रायफलसाठीच राहू द्या.

किती ग्रेन पावडर घालायची तो आकडा मी मुद्दाम देत नाही, आणि कोणी दिला तर घेऊ नका. माझ्या पुंगळ्या, माझा पावडरचा लॉट आणि माझं बॅरल तुमच्याकडे नाही. हॉर्नडीसारख्या काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये गॅरंडसाठी .३०-०६ चं वेगळं प्रकरण असतं. तेच उघडा, शेजारचं सर्वसाधारण .३०-०६ चं नको. सुरुवातीच्या वजनापासून चढत जा आणि रायफल नीट चालू लागली, गट बरा आला, की तिथेच थांबा. माझ्याकडे क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र आहे. एम२ बॉलच्या वेगाच्या आसपास आलो की मी वर जात नाही. गॅरंडमधून आणखी वेग काढण्याची हौस ज्यांना असते त्यांनी दुसरी रायफल घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोळीच्या वजनाबद्दल थोडी उकल करतो, कारण "१५० पेक्षा जड चालतच नाही" असंही ऐकू येतं. तसं नाही. एम२ बॉलच्या आधी सैन्याचं प्रमाण काडतूस एम१ बॉल होतं, त्याची गोळी १७४ ग्रेनची. पुढे स्पर्धांसाठी बनलेल्या एम७२ मॅच काडतुसातही १७३ ग्रेनची गोळी होती, आणि ती गॅरंडमधूनच उडवली गेली. १६८ ग्रेनची मॅच गोळी ४८९५ वर सुरेख चालते. खलनायक वजन नव्हे, सावकाश पावडर. मात्र गोळी जितकी जड तितकी माणसाला सावकाश पावडरची भुरळ पडते, म्हणून १८० च्या पुढे जाऊच नका. २०० यार्डांसाठी १५० ग्रेनची साधी फुल मेटल जॅकेट गोळी पुरते. उगाच खर्च आणि धक्का वाढवण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा माझ्या मते पहिल्याहून महत्त्वाचा आहे, आणि तुमच्या प्रश्नात तो जवळजवळ आलेलाच नाही. बोल्ट-ॲक्शनमध्ये तुमचा हात हा शेवटचा तपासनीस असतो. पुंगळी किंचित लांब असेल तर बोल्ट खाली करताना अडतो, तुम्ही थांबता, काडतूस काढून बघता. प्रायमर वर राहिला असेल तर तेही जाणवतं. गॅरंडमध्ये तो हात नाही. स्प्रिंग ताणलेली, बोल्ट सुटतो, काडतूस ओढून चेंबरमध्ये आपटतो आणि पुढचा बार तयार. काडतुसात काही उणं असेल तर ते यंत्राला कळत नाही, आणि तुम्हाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून जी तपासणी तुमचा हात मैदानावर करायचा, ती सगळी आता टेबलावर करावी लागते. मान साइझ करणं, मऊ प्रायमर, लांबी, सगळे उपप्रश्न या एकाच गोष्टीतून सुटतात.

मान साइझचं घ्या. बोल्ट-ॲक्शनमध्ये एकाच रायफलच्या पुंगळ्या नुसती मान साइझ करून वापरल्या की चेंबरला चपखल बसतात, आयुष्य वाढतं, नेमही सुधारतो. गॅरंडमध्ये चपखल बसणं हाच दोष आहे. पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) मागे सरकवलेला नसेल तर बोल्ट पूर्ण फिरून लॉक होण्याआधी अडकू शकतो, आणि अर्धवट लॉक झालेल्या बोल्टवर बार उडाला तर जे होतं ते चेहऱ्यासमोर होतं. रायफलमध्ये याविरुद्ध सोय आहे. फायरिंग पिनच्या शेपटीला रिसीव्हरमधला एक पूल अडवतो, बोल्ट फिरल्यावरच ती पुढे जाऊ शकते. पण ८० वर्षांपूर्वीच्या भागांची झीज कोणी मोजलीय? त्या पुलाच्या भरवशावर पुंगळ्या लांब ठेवू नका.

दर वेळी फुल-लेंग्थ, म्हणजे नुसती मान नव्हे तर पूर्ण पुंगळी साइझ करा. पुंगळीला वंगण लावायला विसरू नका, नाहीतर डायमध्ये अडकलेली पुंगळी काढण्यात रविवार जाईल. मग प्रत्येक पुंगळी केस गेजमध्ये टाका. गेजच्या तोंडाशी दोन पायऱ्या असतात. पुंगळीचा बुडखा त्या दोहोंच्या मध्ये यायला हवा, वरच्या पायरीच्या बाहेर नको आणि खालच्या पायरीच्या आतही नको. नख फिरवलं की कळतं. कम्पॅरेटर (खांद्यापर्यंतची लांबी मोजणारं साधन) असेल तर खांदा ०.००३ ते ०.००४ इंच मागे न्यावा, पण इथे एक फसवी गोष्ट आहे. गॅरंड पुंगळी ओढते तेव्हा चेंबरमध्ये थोडा दाब उरलेला असू शकतो, त्यामुळे बाहेर पडलेल्या पुंगळीचा खांदा चेंबरपेक्षा पुढे गेलेला दिसू शकतो. त्या मापावरून हिशेब केला तर काडतूस लांबच राहील. म्हणून मी गेजला प्रमाण मानतो, कम्पॅरेटरला नाही. खांदा प्रमाणाबाहेर मागे ढकलण्याचाही तोटा आहे, त्याकडे पुंगळ्यांच्या आयुष्याच्या वेळी येतो. पुंगळीची लांबी २.४९४ इंचाच्या वर जाता कामा नये. मी २.४८४ ला कापतो.

आता प्रायमर. गॅरंडची फायरिंग पिन मोकळी आहे, तिला मागे धरणारी स्प्रिंग नाही. बोल्ट पुढे आपटतो तेव्हा पिन स्वतःच्या वेगाने पुढे येऊन प्रायमरला टोचते. विश्वास बसत नसेल तर पुढच्या वेळी मैदानावर, तोंड निशाणाकडे ठेवून, क्लिपमधून एक काडतूस चेंबरमध्ये जाऊ द्या आणि न उडवता बाहेर काढा. प्रायमरच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा खळगा दिसेल. हे बिघाडाचं लक्षण नाही, प्रत्येक गॅरंड हे करते. प्रश्न एवढाच की ती टोचणी बार उडवायला पुरेल का. लष्करी प्रायमर याच कारणाने मुद्दाम कमी संवेदनशील बनवले जातात, आणि रीलोडरांसाठी त्या जातीचा सीसीआय ३४ मिळतो. फेडरल २१० हा अप्रतिम प्रायमर आहे, बोल्ट-ॲक्शनमध्ये मीही वापरतो. पण तो हलक्या टोल्यालाही जागा होतो, आणि हा गुण इथे नको आहे. त्याच्यावर हजारो बार निर्धोक उडवलेले लोक तुम्हाला भेटतील, त्यांचं म्हणणं खोटं नाही. तरीही सीसीआय ३४ मिळत असताना मी ती जोखीम घेत नाही.

प्रायमर कोणता यापेक्षा तो कसा बसलाय हे अधिक मोलाचं. पुंगळीच्या बुडख्याच्या पातळीखाली ०.००३ इंचाहून थोडा अधिक आत असावा. मी प्रत्येक काडतुसावरून बोटाचं टोक फिरवतो. प्रायमर खाली जाणवला पाहिजे. समपातळीत लागला तरी ते काडतूस बाजूला. यासाठी प्रायमरची खोबण साफ हवी, आणि लष्करी पुंगळीच्या खोबणीभोवतीचा क्रिम्प (प्रायमर धरून ठेवायला दाबलेली कड) काढलेला हवा, स्वेजने दाबून किंवा रीमरने कापून. क्रिम्प तसाच ठेवून जोर लावून बसवलेला प्रायमर वाकडा किंवा उंच राहतो. स्लॅमफायरचे (ट्रिगर न ओढता, बोल्ट आपटताच बार उडण्याचे) जे किस्से ऐकू येतात त्यात उंच प्रायमर आणि लांब पुंगळी हेच दोन गुन्हेगार पुन्हा पुन्हा सापडतात.

याच ओघात एक सवय मोडा. एकच काडतूस चेंबरमध्ये बोटाने टाकून बोल्ट सोडून देऊ नका. क्लिपमधून काडतूस ओढताना बोल्टचा वेग जरा कमी होतो. मोकळ्या मॅगझिनवर तो पूर्ण वेगाने आपटतो आणि पिनची टोचणी जोरात बसते. एकेक बार उडवायचा असेल तर एसएलईडी नावाचा क्लिपच्या जागी बसणारा छोटा तुकडा मिळतो, काडतूस त्यावर ठेवून बोल्ट सोडायचा.

पुंगळ्यांचं आयुष्य गॅरंडमध्ये कमी असतं, हे मान्य करून टाका. यंत्र त्यांना ओढतं, आपटतं, कडा वाकवतं. शिवाय खांदा दर वेळी मागे, बार उडाला की पुन्हा पुढे, या ताणाताणीत बुडख्याच्या वरचा भाग आतून पातळ होत जातो. खांदा गरजेपेक्षा मागे ढकललात तर हे आणखी लवकर होतं, म्हणून गेजच्या दोन पायऱ्यांतलं स्थान बघायचं. पेपरक्लिप सरळ करून टोकाला छोटा आकडा करा आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडख्याकडून वर ओढा. बोटांना एखादी खाच जाणवली की ती पुंगळी भंगारात. बाहेरून त्या जागी चकचकीत कडं दिसायला लागतं, पण तोवर आत बरंच झालेलं असतं. मी लेक सिटीच्या (अमेरिकी लष्करी) आणि ग्रीक एचएक्सपीच्या पुंगळ्या वापरतो, दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत, आणि चार-पाच भरण्यांनंतर खाच जाणवो न जाणवो काढून टाकतो. छाप मिसळू नका. भिंतींची जाडी वेगळी असली की आतली जागा बदलते आणि तीच पावडर वेगळा दाब देते.

राहिलेला भाग तुम्हाला येतोच. ४८९५ लांबुळक्या दाण्यांची असते, मापयंत्रात कधी कधी अडकते, म्हणून मी वजन करतो. दुप्पट पावडर पडली तर या पुंगळीतून ती बाहेर सांडते, हा एक दिलासा. रिकामी राहिलेली मात्र गुपचूप पुढे जाऊ शकते, तेव्हा गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून सगळ्या पुंगळ्यांवर एक नजर फिरवा. काडतुसाची एकूण लांबी ३.३४० इंचाच्या आत ठेवा. गोळीला खोबणीची रेघ असेल तर तिथपर्यंत बसवा. मानेची पकड चांगली असेल तर मी गोळीभोवती मान दाबून क्रिम्प करत नाही. काही जण करतात, त्यांचंही चालतं.

गॅस प्लगचा प्रश्न राहिला. शूस्टरसारखा ॲडजस्टेबल प्लग सिलिंडरमधला जादा गॅस बाहेर सोडतो, त्यामुळे रॉडवरचा मारा कमी होतो. वस्तू चांगली आहे. दुकानातलं शिकारी काडतूस अडीनडीला वापरायचं असेल तर ती लावावी. बसवल्यावर पूर्ण उघडा ठेवून एकेक बार उडवायचा, थोडा थोडा बंद करत जायचं, आणि बोल्ट खात्रीने मागे अडकू लागला की तिथे थांबायचं. पण हा प्लग फक्त पहिल्या मुद्द्यावरचा इलाज आहे. लांब पुंगळीला तो आखूड करत नाही आणि उंच प्रायमरला खाली बसवत नाही. शिवाय स्क्रू हलला किंवा काडतूस बदललं की पुन्हा जुळवणी आली. मी साधा प्लग ठेवतो आणि काडतूस रायफलला साजेसं भरतो.

भरायला बसण्याआधी रायफलकडेही बघा. हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधला खांदा यांतलं अंतर) गेजने तपासून घ्या, स्वतःकडे गेज नसेल तर गनस्मिथकडून. त्या रायफलचे भाग तीन-चार युद्धांत अदलाबदल झालेले असू शकतात. रॉडची चाचणी घरी होते: रायफल उघडून स्प्रिंग काढा, बोल्ट आणि रॉड जागेवर ठेवा, आणि बॅरल वर-खाली कलवा. रॉड आपल्या वजनाने सरकला पाहिजे. मध्येच अडला तर तो कुठेतरी घासतोय, आणि ते ठीक केल्याशिवाय काडतुसाला दोष देण्यात अर्थ नाही. वंगणासाठी तेल नव्हे, ग्रीस. लॉकिंग लग, रॉडची खोबण, बॅरलखाली रॉड घासतो ती जागा. गॅस सिलिंडर आणि पिस्टन मात्र कोरडे ठेवायचे.

तुमच्याकडे रायफलसोबत जुनी लष्करी काडतुसंही आली असतील तर ती उडवण्याआधी बुडख्यावरचा छाप आणि साल बघा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बहुतेक अमेरिकी .३०-०६ लष्करी काडतुसांत गंज आणणारा प्रायमर होता. ती उडवलीत तर त्याच दिवशी बॅरल आणि गॅस सिलिंडर पाण्याने धुवा, त्या प्रायमरमुळे आत मीठ उरतं, ते नुसत्या तेलाने निघत नाही. आणि भरलेली काडतुसं मित्राला विकायचा मोह टाळा. अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही, विक्रीसाठी भरायला फेडरल परवाना लागतो.

पहिल्यांदा मैदानावर जाल तेव्हा आठची क्लिप भरू नका. एसएलईडीवर एक काडतूस उडवा, पुंगळी उचला, प्रायमर आणि बुडखा बघा. मग क्लिपमध्ये दोनच काडतुसं भरा. स्पर्धेत भराभर दहा बार मारताना पहिली क्लिप दोनचीच असते, तेव्हा ही सवय वाया जात नाही. दोन्ही बार वेगवेगळे, तुमच्या बोटाच्या हुकमाने उडाले, क्लिप बाहेर पडली आणि बोल्ट मागे राहिला, तर हे आणखी दोनदा करा. बोल्ट मागे अडकत नसेल तर पावडर वाढवण्याआधी ग्रीस आणि स्प्रिंग बघा. त्यानंतर आठ भरा, आणि क्लिप आत दाबून झाल्यावर अंगठा बोल्टच्या वाटेतून लगेच काढा.